‘आपला कॉल महत्त्वाचा आहे’ हे ठरवतं कोण?

बारावी झाली, डिग्रीचं दुसरं-तिसरं वर्ष चालू आहे, घरी प्रत्येक वेळी पैसे मागायची लाज वाटते. अशा वेळी उपनगरातल्या मुलामुलींना हमखास आठवतं ते कॉल सेंटर. बोरिवलीहून मालाड दोन स्टेशनांवर, तिथलं माइंडस्पेस. घाटकोपरहून मेट्रो पकडली की मरोळ, चकाला. मुलुंडकरांना खाडीपूल ओलांडला की ऐरोली. प्रत्येक बिल्डिंगमध्ये, प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी ‘व्हॉइस प्रोसेस’वाला असतोच.

या नोकरीबद्दल आपण बोलतो काय? पगार किती, इन्सेंटिव्ह किती, नाइट शिफ्टला ड्रॉप आहे का, इंग्रजी ‘न्यूट्रल’ लागतं का, टीएल खडूस आहे का. सगळे प्रश्न बरोबरच आहेत. पण एक प्रश्न कधीच कुणी विचारत नाही. हेडसेटमध्ये जो कॉल वाजतो, तो माझ्याकडेच का आला? आणि जो कॉल वाजलाच नाही, वीस मिनिटं संगीत ऐकून कट झाला, तो कुणी अडवला?

तो कॉल आपोआप येत नाही. कुणीतरी एका स्क्रीनवर बसून नियम लिहिलेले असतात. अमुक माणसाचा कॉल इकडे, तमुकचा तिकडे, उरलेल्यांना थांबवा. माझं म्हणणं सरळ आहे: कॉल कुठे वळवायचा हे ठरवणं म्हणजे कुणाचं आधी ऐकायचं हे ठरवणं. ते काम आपल्या पिढीने ‘टेक्निकल टीम बघेल’ म्हणून सोडून देऊ नये. ते शिकावं, त्या खुर्चीत जाऊन बसावं आणि बसल्यावर लाज वाटणार नाही असे नियम लिहावेत.

डब्यात काय भरलंय?

आधी ही भानगड काय आहे ते बघू. शाळेत बीजगणितात ‘क्ष’ भेटला होता, ज्याची किंमत गणितागणिक बदलते. फोनच्या सिस्टिममध्ये हाच क्ष ‘व्हेरिएबल’ नावाने राहतो. स्वयंपाकघरातले लेबल लावलेले डबे डोळ्यांसमोर आणा. लेबल तेच राहतं, आतला माल बदलतो.

तुम्ही कस्टमर केअरला फोन लावता त्या क्षणी सिस्टिम असे डबे भरायला घेते. कॉल कुठल्या नंबरवरून आला? कुठल्या नंबरवर आला? किती वाजलेत? आज सुट्टी आहे का? माणसाने कुठलं बटण दाबलं? कंपनीच्या नोंदीत या नंबरपुढे कोणत्या प्रकारचा ग्राहक लिहिलाय? मग नियम चालतो. साध्या मराठीत लिहायचा तर असा:

‘भाषा मराठी असेल आणि वेळ सकाळी ९ ते रात्री ९ मधली असेल, तर कॉल मराठीच्या रांगेत लाव. तिथे दोन मिनिटांत कुणी उचलला नाही, तर “दुसरी जागा” या डब्यात जो नंबर असेल तिकडे वळव.’

खरी ताकद शेवटच्या वाक्यात आहे. नियमात नंबर लिहिलेलाच नाही, फक्त डब्याचं नाव लिहिलंय. सकाळी त्या डब्यात मालाडच्या टीमचा नंबर असेल, रात्री ऐरोलीचा. जुलैमध्ये रुळांवर पाणी भरलं, लोकल बंद पडली, फ्लोअर रिकामा राहिला, तर घरून काम करणाऱ्या मुलांचे नंबर. नियमाला हात लावायचा नाही, फक्त डब्यातली किंमत बदलायची. एका माणसाने एका जागी एक आकडा बदलला की हजारो कॉल दुसरीकडे धावू लागतात.

सोय म्हणून हे झकास आहे. पण आता हाच विचार उलट्या बाजूने करा. डब्याचं नाव ‘ग्राहकाचा प्रकार’ आहे आणि त्यात ‘साधा’ असं लिहिलंय. तुमच्या घरातल्या बहुतेकांच्या नावापुढे तेच लिहिलेलं असणार. मग?

ऑपरेटर गेली, खुर्ची राहिली

कॉल वळवण्यात सत्ता असते हे आज कळलेलं नाही. स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंजचं पेटंट १८९१ मध्ये अमेरिकेत अल्मन स्ट्रॉजर या माणसाने मिळवलं. हा गडी इंजिनीअर नव्हता, कॅन्सस सिटीत अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा त्याचा धंदा होता. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. तेव्हा फोन जोडून द्यायला एक्स्चेंजवर ऑपरेटर बसायची आणि तिथली ऑपरेटर म्हणे स्ट्रॉजरच्या स्पर्धकाची बायको होती. लोक स्ट्रॉजरला फोन जोडून मागायचे, ती जोडून द्यायची नवऱ्याच्या दुकानाला. वैतागून त्याने मधली ऑपरेटरच नको असं यंत्र काढलं. गोष्टीत मीठमसाला असेल, पण तिच्यातली भीती खरी आहे. मध्ये बसलेला माणूस आपला कॉल तिसरीकडेच वळवू शकतो.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर घरातल्या आजोबांना ट्रंक कॉलबद्दल विचारा. थेट नंबर फिरवून दुसऱ्या शहरात बोलण्याची सोय, म्हणजे एसटीडी, भारतात पहिल्यांदा आली १९६० मध्ये, कानपूर आणि लखनऊच्या दरम्यान. त्याआधी, आणि अनेक गावांसाठी त्यानंतरही कित्येक वर्षं, बाहेरगावचा कॉल बुक करून वाट बघत बसावं लागायचं. त्यात प्रकार होते: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. लाइटनिंगला कितीतरी जास्त पैसे पडायचे आणि तो रांग तोडून पुढे जायचा.

म्हणजे पैसेवाल्याचा कॉल आधी, हे तेव्हाही होतंच. फरक एवढाच की तेव्हा ते उघड होतं. दर ठाऊक असायचा. घरात कुणी गेलं असेल तर साधा माणूसही उसने पैसे घेऊन लाइटनिंग कॉल बुक करू शकत होता. आज तुमच्या नावापुढे कुठला शिक्का आहे, तुम्ही रांगेत कितवे आहात आणि तुमच्यामागून येऊन कोण पुढे गेलं, यातलं काहीच तुम्हाला कळत नाही. ऐकू येतं ते एकच, ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’ स्ट्रॉजरच्या यंत्राने ऑपरेटर हटवली. तिची खुर्ची मात्र तशीच राहिली. त्यावर आता नियम लिहिणारा बसलाय.

साकीनाका कुठे येतं?

‘एवढं काय, नियमच तर लिहायचे’ असं वाटत असेल तर आपल्याच शहराचं उदाहरण घ्या. २०२० मध्ये कोरोनाने मुंबई हादरलेली असताना हॉस्पिटलमध्ये बेड मिळवण्यासाठी सगळ्यांची धाव महापालिकेच्या १९१६ या एका नंबरकडे होती. एका जागी एवढा भार पेलणं शक्य नव्हतं. मग जूनमध्ये पालिकेने बेड देण्याचं काम वॉर्डांमध्ये वाटून दिलं. २४ वॉर्ड, प्रत्येकाची वॉर रूम, प्रत्येकीचे आपापले फोन नंबर. के-पश्चिम म्हणजे अंधेरी पश्चिम, आर-मध्य म्हणजे बोरिवली, टी म्हणजे मुलुंड, एन म्हणजे घाटकोपर. निर्णय शहाणपणाचा होता. पण त्या दिवसापासून ‘वॉर्ड’ हा पेशंटच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा डबा झाला. तो बरोबर भरला तर फोन योग्य टेबलावर, चुकला तर ‘हे आमच्याकडे येत नाही, दुसरीकडे लावा.’

आता एक कोडं सोडवा. साकीनाक्याला राहणारा माणूस पत्ता काय सांगतो? ‘साकीनाका, अंधेरी पूर्व.’ मग त्याचा वॉर्ड कुठला? अंधेरी पूर्व म्हणजे के-पूर्व, असं कुणीही म्हणेल. पण पालिकेच्या नकाशात साकीनाका ‘एल’मध्ये येतं, म्हणजे कुर्ल्याच्या वॉर्डात. तुम्ही नियम लिहिताना ‘अंधेरीसाठी १ दाबा, कुर्ल्यासाठी २ दाबा’ असं लिहिलंत तर साकीनाक्याचा माणूस प्रामाणिकपणे १ दाबणार आणि चुकीच्या ठिकाणी पोहोचणार. त्याचं काही चुकलेलं नसेल. प्रश्न विचारणाऱ्याला शहर माहीत नव्हतं, एवढंच.

म्हणून मला वाटतं, हे नियम इथे राहणाऱ्या, लोकलने फिरणाऱ्या मुलांनी लिहायला हवेत. माणसं पत्ता पालिकेच्या नकाशाप्रमाणे सांगत नाहीत, स्टेशनप्रमाणे सांगतात, हे काचेच्या केबिनमधल्या माणसाला नकाशा पाहून कळणार नाही. तुम्हाला ते न शिकवता कळतं.

नंबर बघून भाषा?

दुसरा डबा भाषेचा. कॉल येताच नंबर बघून भाषेचा अंदाज बांधायचा, म्हणजे ‘१ दाबा, २ दाबा’ची पायरी वाचते, असा एक मोह सिस्टिम लावणाऱ्यांना असतो. ऐकायला हुशारी वाटते. पण टेलिकॉमच्या नकाशात मुंबई हे वेगळं सर्कल आहे आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासोबत वेगळ्या सर्कलमध्ये. म्हणजे सोलापूरचा नंबर मराठी आणि मुंबईचा नंबर हिंदी किंवा इंग्रजी, असा नियम कुणी सहज लिहून मोकळा होईल. त्यात ३ जुलै २०१५ पासून देशात कुठेही गेलं तरी जुनाच नंबर ठेवता येतो. त्यामुळे कांदिवलीत राहणाऱ्याचा नंबर पाटण्याचा असू शकतो आणि बंगळुरूत राहणाऱ्याचा डोंबिवलीत घेतलेला. नंबरवरून माणसाची भाषा ओळखणं म्हणजे चपलेवरून जेवण ओळखण्यासारखं आहे.

उपाय साधा आहे. विचारा. एकदा विचारा, उत्तर लक्षात ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच भाषेत बोला. यात मराठीचा अभिमान वगैरे बाजूला ठेवला तरी हिशोब पटतो. मुलुंडच्या चाळीतल्या मावशींना त्यांच्या गॅसची किंवा बँकेची तक्रार ज्या भाषेत नीट सांगता येते, त्या भाषेत ऐकली तर कॉल लवकर संपतो आणि पुन्हा करावा लागत नाही. तोच नियम घाटकोपरच्या गुजराती काकांना आणि साकीनाक्याच्या भोजपुरी बोलणाऱ्या भैयालाही लागू.

हे स्वप्नरंजन नाही. ट्रायने २०१२ मध्ये मोबाइल कंपन्यांसाठी तक्रार निवारणाचे नियम केले. त्यात आयव्हीआरची पहिली पायरी भाषा निवडण्याची असावी आणि पुढे माणसाशी बोलण्याचा पर्याय असावा, हे लिहिलेलं आहे. म्हणजे फोनच्या मेनूत आधी काय आणि नंतर काय, हा लोकांच्या हक्काचा विषय आहे, हे आपल्या देशातल्या नियमानेच मान्य केलंय. मोबाइल कंपनीला जे जमतं ते इतरांना का जमू नये?

प्लॅटिनम आधी की घाबरलेला आधी?

आता सगळ्यात अवघड डबा, पैशाचा. फोन सिस्टिममध्ये प्रत्येक कॉलला रांगेतलं वजन देता येतं. आकडा मोठा तर कॉल पुढे. हा आकडा बहुतेकदा ग्राहक कंपनीला किती पैसे देतो यावर ठरतो.

समजा, बोरिवलीतल्या एका निवृत्त काकांना मोबाइलवर मेसेज आला, खात्यातून चाळीस हजार गेले. हात थरथरतायत, बँकेला फोन लावलाय. त्याच मिनिटाला त्याच बँकेचा एक श्रीमंत ग्राहक एअरपोर्ट लाउंजची सवलत विचारायला फोन करतोय. रांगेचा नियम फक्त ‘ग्राहकाचा प्रकार’ बघत असेल तर लाउंजवाला आधी. अशा फसवणुकीत पहिला तासभर फार मोलाचा असतो. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर ठेवलाय तो त्यासाठीच, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता यावेत म्हणून. काकांचा तो तास संगीत ऐकण्यात गेला तर त्याची किंमत कुणाच्या पगारातून कापायची?

यावर कंपन्यांचं उत्तर तयार असतं आणि ते अगदीच टाकाऊ नाही. ‘जो जास्त पैसे देतो त्याला जास्त सेवा, यात गैर काय? लोकलमध्येही फर्स्ट क्लास असतोच.’ मान्य. पण फर्स्ट क्लासचा डबा वेगळा असला तरी साखळी ओढली की अख्खी गाडी थांबते. ती साखळी सेकंड क्लासमध्येही असते. नवं कार्ड घ्यायचंय, प्लॅन बदलायचाय, ऑफर विचारायचीय, तिथे खुशाल श्रीमंताला पुढे घ्या. पण फसवणूक, अपघात, औषध, गॅसगळती असं काही असेल तर वजन पैशावरून ठरू नये, किती नुकसान होऊ शकतं यावरून ठरावं. तांत्रिकदृष्ट्या याला काहीही जास्त लागत नाही. एक डबा वाढतो आणि नियमात एक ओळ. ती ओळ लिहायची राहते, कारण ती मागणारं त्या खोलीत कुणी नसतं.

खोटा नंबर, खोटी वाट

हीच विद्या उलटी वापरली की काय होतं, ते आपण दहिसर चेकनाक्याच्या पलीकडेच पाहिलंय. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडमधल्या कॉल सेंटरवर छापे घातले. अमेरिकेच्या कर विभागाचे अधिकारी बोलतोय असं सांगून तिथल्या लोकांना धमकावून पैसे उकळले जात होते. समोरच्याच्या फोनवर नंबर अमेरिकेतला दिसायचा आणि बोलणारा बसलेला मीरा रोडला. ‘कॉल कुठल्या नंबरवरून आला’ हाही शेवटी एक डबाच, त्यात खोटं भरता येतं. शेकडो तरुण-तरुणींना पोलिसांनी ताब्यात घेतलं, सत्तरेक जणांना अटक झाली. त्यात तुमच्या-आमच्या वयाचे कितीतरी होते, स्क्रिप्ट समोर ठेवून वाचणारे. ‘मला सांगितलं तेवढं मी बोललो’ हे वाक्य पोलिस ठाण्यात फार उपयोगाला येत नाही.

दुसरा प्रकार आणखी घरगुती. कुरिअरवाला किंवा मोबाइल कंपनीतून बोलतोय असं सांगून एक माणूस तुमच्या आईला म्हणतो, ‘मॅडम, स्टार ४०१ स्टार आणि पुढे हा दहा आकडी नंबर डायल करा.’ तिने ते केलं की तिचे सगळे कॉल त्याच्याकडे वळतात, ओटीपी सांगणारे कॉलसुद्धा. तो दहा आकडी नंबर म्हणजे पुन्हा आपला डबा, फक्त किंमत चोराने भरलेली. हा प्रकार इतका वाढला की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असे कोड डायल करून कॉल फॉरवर्ड करण्याची सोय थांबवायला लावली. तरीही आज घरी गेल्यावर आई-बाबांच्या फोनच्या कॉल सेटिंगमध्ये जाऊन ‘कॉल फॉरवर्डिंग’ उघडून बघा. तिथे अनोळखी नंबर दिसला तर लगेच काढा. पाच मिनिटांचं काम आहे.

शिकायचं कुठे?

आता कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण एजंटला कोण विचारतंय? नियम क्लायंट ठरवतो, आपण फक्त ‘थँक यू फॉर कॉलिंग’ म्हणायचं. हे अर्धं खरं आहे. पण फ्लोअरवर बसलेल्या मुलीलाच सगळ्यात आधी कळतं की रोज पंधरा कॉल चुकीच्या रांगेतून येतायत. ती ते टीएलला तोंडी सांगते आणि विषय संपतो. तेच तिने वेळ, दाबलेलं बटण आणि कॉल खरं कुठे जायला हवा होता, एवढं टिपून मेल केलं तर नियम लिहिणाऱ्याच्या हातात पुरावा येतो. आणि ते टिपता येणाऱ्या मुलीला उद्या त्याच टीममध्ये बोलावलं जाण्याची शक्यता वाढते.

पूर्णच शिकायचं असेल तर त्यालाही लाखभराचा कोर्स लागत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत मार्क स्पेन्सर हा कॉलेजात शिकणारा मुलगा स्वतःची छोटी कंपनी चालवत होता. ऑफिससाठी फोन सिस्टिम हवी होती, विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने स्वतःच लिहिली. तिचं नाव अ‍ॅस्टरिस्क, म्हणजे फोनवरचं स्टारचं बटण. ती त्याने सगळ्यांसाठी मोफत खुली केली आणि आजही ती खुली आहे. एक जुना कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स, मित्रांच्या मोबाइलवर सॉफ्टफोनचं फुकट अ‍ॅप आणि एक वाय-फाय, एवढ्यात तुमचं छोटं एक्स्चेंज उभं राहतं. एक सूचना: बाहेरच्या टेलिफोन जाळ्याशी ते जोडायचं झालं तर परवाना असलेल्या कंपनीचीच लाइन घ्या, जुगाड करू नका. सराव करायला आतल्या आत बोलणं पुरतं.

आयटीवाल्यांनीच हे करावं असंही नाही. कॉमर्स, आर्ट्स, बीएमएमच्या मुलांनी एकत्र येऊन कॉलेजच्या फेस्टची किंवा प्रवेशाची हेल्पलाइन उभारून बघावी. कुठला प्रश्न आधी विचारायचा, हे कोडपेक्षा माणूस ओळखण्याचं काम आहे. ते करताना पुढच्या गोष्टी वहीत लिहून ठेवा. सिस्टिम रडते ती बहुतेक इथेच.

रिकामा डबा. ‘दुसरी जागा’मध्ये नंबर भरायचाच राहिला तर कॉल कुठेच जात नाही, समोरच्याला नुसती शांतता ऐकू येते. म्हणून प्रत्येक डब्याला एक ठरलेली किंमत आधीच देऊन ठेवा आणि ती शक्यतो एखाद्या जागत्या माणसाची असू द्या.

घड्याळ. सर्व्हर बऱ्याचदा जागतिक वेळेवर चालतो, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. ‘९ ते ६’ असं लिहून तुम्ही खूश आणि सिस्टिम आपल्या दुपारी अडीचला दुकान उघडते, रात्री साडेअकराला बंद करते.

नंबरचा वेश. एकच मोबाइल नंबर कधी ९१ लावून येतो, कधी शून्य लावून, कधी नुसता दहा आकडी. आपल्याला तो एकच वाटतो, सिस्टिमला तीन वेगळी माणसं दिसतात. जुळवण्याआधी शेवटचे दहा आकडे काढून घ्या.

गोल फेरा. अ उचलत नसेल तर ब कडे, ब उचलत नसेल तर अ कडे. माणूस मध्ये फिरत राहतो. कॉल किती वेळा वळला ते मोजा आणि तिसऱ्या वेळी तो थेट माणसाकडे द्या.

आणि शेवटी, आजीची परीक्षा. सिस्टिम तयार झाली की स्वतः तपासू नका, तुम्हाला उत्तरं पाठ असतात. घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात फोन द्या, त्यांचं एक काम सांगा आणि गप्प बसून बघा. त्या कुठे थबकतात, तिथे तुमचा नियम चुकलाय.

बॉट आला तरी

‘पण आता एआय आलंय, कॉल सेंटरच बंद होणार,’ असं म्हणणारे बरेच आहेत. बिल किती आलं, ऑर्डर कुठे पोहोचली, असे कॉल बॉट उचलू लागलेत, हे खरं आहे. पुढे आणखी उचलतील. त्यामुळे फक्त स्क्रिप्ट वाचण्यावर जी नोकरी उभी आहे ती डळमळणार, हे मानून चला. पण बॉटने माणसाला फोन कधी द्यायचा? दोनदा समजलं नाही तर? आवाज रडका असेल तर? समोरचा ‘पैसे गेले’ म्हणाला तर? हाही नियमच आहे आणि तो कुणीतरी माणूसच लिहिणार. मशीन जितकं हुशार होईल तितकं हे काम मोलाचं होईल. ते लिहिणारा साकीनाक्याचा वॉर्ड ओळखणारा आणि थरथरणारा आवाज ऐकलेला असेल तर आपलंच भलं आहे. असा माणूस आज फ्लोअरवर बसलाय. त्याला पुढची पायरी कुणी दाखवली नाहीये, एवढंच.

त्यामुळे पुढच्या महिन्यात वॉक-इन इंटरव्ह्यूला गेलात आणि शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं आलं, तर पगाराचा प्रश्न विचाराच. त्याच्यासोबत हेही विचारा: ‘तुमच्याकडे कॉल कुठे जायचा ते कोण ठरवतं आणि त्या टीममध्ये जायला मी काय शिकायला हवं?’ समोरचा एचआर गोंधळला तर गोंधळू दे. उत्तर मिळालं तर लिहून घ्या आणि कामाला लागा.